आईचे तोडे
तापलेल्या धातूचा वास आला की मला बमरोलीतली आमची खोली आठवते आणि आईचे सुजलेले पाय. त्या दिवशी आई सकाळीच वारली होती. लग्नात घातलेले चांदीचे तोडे तिने कधी काढलेच नव्हते, आणि किडनीच्या दुखण्यात आलेल्या सुजेने ते आता मांसात रुतले होते. तेल, साबण, सगळं करून झालं. अंगावर दागिना ठेवून मयत नेत नाहीत, असं बायका पुन्हापुन्हा सांगत होत्या. शेवटी ग्रिल बनवणारा शेजारी त्याचा लोखंड कापायचा, बॅटरीवरचा ग्राइंडर घेऊन आला. पर्वत पाटियाच्या बाजारात फुटपाथवर त्याला तो स्वस्तात मिळाला होता. मी तोड्याखाली उलथणं सरकवलं, बहीण वरून पाणी सोडत राहिली. मशीन किंचाळलं तसे दारात बसलेले बाबा हाताने सावकाश अशी खूण करत म्हणाले, "हयू रे भाऊ, तिले लागी जाई." एक तोडा निघाला. दुसरा अर्धा कापला गेला आणि मशीनचा आवाज बारीक होत होत थांबला. शेजाऱ्याने बॅटरी काढली, शर्टाला पुसली, पुन्हा बसवली. "नई है भाई, एकदम नई है," तो खाली मान घालून म्हणत राहिला. बाहेर शववाहिनी येऊन उभी होती. बाबा उठले, आईच्या पायांवर चादर ओढली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. एक तिले ऱ्हाऊ दे." परवा कामावर एकाने मला विचारलं, तसला स्वस्तातला ग्राइंडर घ्यावा का. मी म्हटलं, घे, पण तो एका पायापुरताच चालतो.