फुकटच्या थीममधली उसाची वाट

मंडळी, वर्षभर इथले अनुभव वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायलाच वाचतो. मी बेळगावात एका डिप्लोमा कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. भूत, करणी, बाहेरचं या भानगडींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आमच्या स्टाफरूममध्ये गुंजी गावचा एक सहकारी आहे. जंगलात दिसणाऱ्या दिव्यांच्या गोष्टी तो फार रंगवून सांगतो. त्याला मी दर वेळी ऐकवायचो, की बाबा रे, तिथून विजेची लाईन कुठली जाते ते आधी बघून ये, मग भूत सांग. आता तोच मी हे लिहितोय... त्याच्या वाचनात हे येऊ नये एवढीच इच्छा आहे.

आमचा मळा निपाणीहून चिकोडीला जाणाऱ्या रस्त्याला, रस्त्यापासून जरा आत आहे. घर बैठं, स्लॅबचं. पुढच्या खोलीत खिडकीला लागून माझं टेबल, त्यावर जुना डेस्कटॉप. खिडकीतून शेजारच्या रावसाबअण्णांचा ऊस दिसतो. म्हणजे ऊसच दिसतो, दुसरं काही दिसत नाही. टेबलापाशी बसलं की पाठीमागे आईची कॉट येते. आठवडाभर मी बेळगावात असतो आणि शनिवारी-रविवारी मळ्यात. आईला बघते ती सुजाता, माझी बायको.

बघते म्हणजे खरोखरच बघावं लागतं. आईला विसरायचा आजार आहे. कधी ती मला तिचा थोरला भाऊ समजते, कधी लाईट बिलवाला. दार उघडं दिसलं की चालायला लागते. मागे दोनदा तिला अगदी डांबरी रस्त्यावरून परत आणलंय. म्हणून दाराला वर, तिचा हात पोचणार नाही अशी कडी बसवून घेतली. एक गोष्ट मात्र ती विसरलेली नाही. आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हे तिनं जन्मभर पाळलंय. उन्हं कलली की ती स्वतः उठते, आपलं ताट घेते, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसते आणि वाटी ताटावर वाजवायला लागते.

ब्लॉगचं खूळ तिच्यामुळेच डोक्यात आलं. मधेच कधीतरी ती काहीबाही बोलते. आजोळच्या बैलांची नावं, जात्यावरच्या ओव्यांचे तुकडे, कानडीतल्या अस्सल शिव्या. हे सगळं तिच्याबरोबर जाणार, या विचारानं मला झोप लागत नव्हती. म्हटलं, ब्लॉग काढू, लिहून ठेवू. नाव घेतलं, खातं उघडलं, आणि इंजिनिअर माणूस जे करतो तेच केलं... लिहायचं सोडून थीम, म्हणजे ब्लॉगचं तयार रंगरूप, शोधत बसलो. दोन रविवार त्यातच गेले.

"अजून एक ओळ लिव्हली न्हाईसा, आणि रंग कसला बघालाईसा?" सुजाता म्हणाली. "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!"

ज्या रविवारचं सांगतोय, त्या दिवशी तिला संकेश्वरला मामेबहिणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. दिवाळी होऊन गेली होती. कारखाना सुरू झाला होता, पण आमच्या बाजूच्या उसाला अजून तोड आली नव्हती. दारातून निघताना तिनं बजावलं, "कडी लावून घ्या. आईंस्नी दुपारी भात भरवा. आणि त्या डबड्यापुढं बसू नगासा."

कडी मी लावली. हे मी कुठल्याही देवापुढे सांगायला तयार आहे. आईला नाश्ता दिला, तिच्या अंगात तपकिरी स्वेटर चढवला, ती कॉटवर टेकली. मी चहाचा कप घेऊन टेबलापाशी बसलो. म्हटलं, आज थीम ठरवूनच टाकू.

ज्यांनी हा उद्योग केलेला नाही त्यांना सांगतो. ब्लॉगच्या फुकट थीम म्हणजे आठवडी बाजारातला कपड्यांचा ढीग. लांबून सगळं झकास. 'प्रिव्ह्यू' दाबला की वर मोठा फोटो येतो. लाकडी टेबल, कॉफीचा मग, नाहीतर हॅट घातलेली कोणीतरी गोरी मुलगी समुद्राकडे बघत असते. खाली वाचता न येणारा नमुन्याचा मजकूर. त्यात आपली मराठी ओळ टाकली की जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतात. जी थीम बरी वाटते तिचा मेनू पैसे भरल्याशिवाय हलत नाही. मग बंद करायची, पुढची उघडायची.

पाच-सहा थीम झाल्यावर एक उघडली, तर वरच्या फोटोत ऊस होता. दोन्ही बाजूंनी उंच ऊस, मधून मातीची वाट, आणि वाटेवर लांब, पाठमोरी एक बाई. बरं वाटलं. कॉफीच्या मगापेक्षा हे आपलं. ऊस काय, जगात कुठेही होतो... कोणीतरी फोटो काढून इथे चढवला असेल. पण फॉन्ट बारीक होता म्हणून ती थीम सोडली.

पुढची उघडली, तर तोच फोटो. बाई थोडी आणखी आत गेलेली. म्हटलं, एकाच माणसानं दोन थीम केल्या असतील. तिसरीतही तेच. मागे जाऊन यादीचं दुसरं टोक धरलं, 'फोटोग्राफी' सोडून 'बिझनेस'मध्ये शिरलो. लहान चित्रात मग दिसायचा, उघडलं की ऊस. ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू केला तर थेट प्रिव्ह्यूच समोर, आणि त्यात तीच वाट.

यात तुम्हाला भीतीदायक काही वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं. उलट चिडलो. च्यायला, एवढ्या थीममध्ये एक धड सापडू नये? पुढची बघू आणि उठू, पुढची बघू आणि उठू, असं चाललं होतं. आणि हळूहळू लक्षात आलं, की मला उठताच येत नाहीये. हातपाय बांधलेत असं नव्हे. उठायचा विचार यायचा, तो पुरा व्हायच्या आत बोट पुढच्या थीमवर गेलेलं असायचं. घशाला कोरड पडली होती. मनगटापासून कोपरापर्यंत हात चुरचुरत होते. कानाला सारखी पात्यांची सळसळ लागून राहिली होती, आणि लांबून कोणीतरी हाका मारतंय असं वाटत होतं. वाटलं, रावसाबअण्णांकडे कोणी आलं असेल. छातीत धडधडायला लागलं, तरी बोट चालूच. मी खरंच अडकलो होतो, मंडळी. ते आठवलं की आजही घाम फुटतो.

एका थीममध्ये ती बाई वळली होती. तोंड माझ्याकडे, एक हात वर केलेला. चेहरा बारीक आणि अंधुक होता. अंगात तपकिरी स्वेटर. माझ्या मनात आलं, असला स्वेटर आपल्याकडेही आहे. आणि त्याच्या पाठोपाठ आलं, की या थीमचं हेडिंग मात्र छान बसलंय.

मग "बाळासाब!" अशी हाक आली. लांबून नव्हे, अगदी कानाशी.

मी दचकून मान वर केली. स्क्रीनवर लाकडी टेबल आणि कॉफीचा मग. कपातल्या चहावर साय धरलेली. खिडकीतून ऊन नाही, उसाच्या शेंड्यांवर फक्त पिवळा उजेड. उन्हं कलून गेली होती आणि घरात वाटीचा आवाज नव्हता. मागे वळलो तर कॉट रिकामी. दार सताड उघडं.

तेव्हा माझं काय झालं ते लिहिता येत नाही. आई, आई करत स्वयंपाकघर, न्हाणी, गोठा सगळं पाहिलं आणि रावसाबअण्णांच्या दाराशी धावलो. ते मोटर बंद करून नुकतेच आले होते.

"आई आलीय का इकडं?"

"न्हाय गा. तुमी संकेश्वरास्नं कवा आलासा?"

"मी कुठं गेलो होतो? घरातच आहे की सकाळपासून."

"आरं, मी दोनदा येऊन गेलो पान्हा मागायला! दार उघडं, कॉम्प्युटर चालू, खुर्ची मोकळी. म्हातारीबी न्हाय. मला वाटलं, समदीच गेलासा साखरपुड्याला."

"मी खुर्चीतच होतो, अण्णा."

"मग मी काय आंधळा हाय?" असं म्हणून त्यांनी माझा हात धरला आणि बॅटरीच्या उजेडात वळवून बघितला. "आणि ह्ये काय झालंय?"

दोन्ही हातांवर बारीक लाल रेषा. उसाचं पातं ओढलं गेलं की उमटतात तशा. काहींवर रक्त सुकलेलं.

त्यावर बोलायला वेळ नव्हता. अण्णांनी सकाळपासून उसाला पाणी सोडलं होतं. सरीसरीत चिखल. बांधावरून हाका मारत आम्ही आत गेलो. उंच उसात शिरलं की दिशा राहत नाही. डावीकडेही तेच, उजवीकडेही तेच. म्हातारी बाई, थंडीचे दिवस, अंधार पडत चाललेला. काही बरंवाईट झालं असेल तर सुजाताला काय सांगायचं, आणि स्वतःला काय सांगायचं? मी रडत होतो, हे लपवत नाही.

मधल्या बांधावर ती बसलेली दिसली. पाय घोट्याच्या वर चिखलानं भरलेले. स्वेटर उलटा घातलेला, शिवणी बाहेर. मला बघून तिचा चेहरा एकदम सैल पडला.

"गावलास व्हय रं, बाळासाब?"

कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडून माझं नाव ऐकलं.

"आक्का, हितं काय करालीस?" अण्णांनी विचारलं.

"ह्याला काडाय आलते," ती म्हणाली. रोजच्या अडखळण्याचा पत्ता नव्हता. "सकाळधरनं उसात फिरालाय. निस्ता गोल गोल. मी हाका मारती, तर वळूनसुदीक बघंना. शेवटाला कापड उलटं केलं, तवा कुटं थांबला."

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. तिला दोघांनी धरून घरी आणताना ते हळू आवाजात म्हणाले, "रानात चकवा लागला, की माणूस त्याच त्याच जागी फिरत ऱ्हातंय. वाट गावत न्हाय. तवा अंगातलं कापड उलटं करून घालायचं, आमचं म्हातारं सांगायचं. पर ते ज्याला चकवा लागलाय त्यानं घालायचं असतंय. दुसऱ्यापायी कुणी घातलेलं मी तर ऐकल्यालं न्हाय."

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. मी तिच्यापुढे ताट ठेवलं. तिनं बाहेरच्या अंधाराकडे पाहिलं आणि ताट सरकवलं. पाणीसुद्धा घेतलं नाही. सगळं विसरली तरी जी वेळ ती कधी विसरली नव्हती, ती माझ्यामागे फिरण्यात गेली होती. रात्रभर ती उपाशी झोपली.

सुजाता म्हणते, तुम्ही झोपेत चालत गेलासा आणि झोपेतच परत आलासा. मीही आधी असंच काहीतरी जुळवून पाहिलं. पण त्या दिवशी उसात पाय टाकणाऱ्याचे पाय चिखलानं भरल्याशिवाय राहिले नसते, आणि मी खुर्चीतून उठलो तेव्हा माझे पाय कोरडे होते. फरशीवर एक डाग नव्हता. बरं, गेलोच नाही म्हणावं, तर हातावरच्या रेषा कुठून आल्या? वरची कडी कोणी काढली? अण्णांना दोनदा रिकामी खुर्ची कशी दिसली? तो उसाचा फोटो नंतर पुष्कळ शोधला. कुठल्याही थीममध्ये नाही. कॉलेजातल्या कॉम्प्युटरवरून पाहिलं, तिथेही नाही. मला याचं उत्तर आजही माहीत नाही, आणि कोणी 'मनाचे खेळ' म्हणालं तर मी भांडणार नाही. पूर्वी मीच तसं म्हणत होतो.

मला सलतं ते वेगळंच आहे. आई मला ओळखत नाही म्हणून मी किती रात्री रडलोय. आणि ती समोर उभी राहून, हात वर करून मला हाका मारत होती, तेव्हा मी हेडिंग बघत होतो.

ब्लॉग चालू आहे. थीम बदललेली नाही, खातं उघडताना जी पांढरी साधी मिळाली तीच आहे. तिच्या ओव्या त्यावर एकेक करून चढवतोय. ती आता बोलत नाही फारसं. माझं नाव त्या दिवसानंतर पुन्हा कधी घेतलं नाही. पण मी कॉम्प्युटरपुढे बसलो, की कॉटवरून उठून माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसते आणि माझ्या शर्टाचं टोक मुठीत घट्ट धरते. आत्ता हे टाइप करतानाही धरलंय. मी काही सोडवून घेत नाही.