तीस फोटो आणि आनंदी राहायची सक्ती

भाव येईल, भाव येईल म्हणून आमच्याकडे लोक घरातच कापूस भरून ठेवतात. मग त्याच घरात जेवायचं, त्याच ढिगावर झोपायचं आणि चार महिने अंग खाजवत बसायचं. लॉकडाऊनचे किस्से माझ्याजवळ तसेच साठलेत. घ्यायला कोणी येत नाही आणि खाज काही जात नाही!

भेटेल तो विचारतो, "कॉलेज काऊन सोडलं बे?" आता विचारलंच आहे, तर ऐका.

मी मेहकर तालुक्यातला. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. दुसऱ्यांदा लॉकडाऊन लागला आणि कॉलेजातल्या एका सरांना आमच्या मनाची काळजी वाटायला लागली. शिकवायची नाही वाटली, मनाची वाटली! त्यांनी ग्रुपवर फर्मान टाकलं. विद्यार्थ्यांनी घरी राहून सकारात्मक आणि सर्जनशील व्हावे. तीस दिवस, तीस उपक्रम, रोज एक फोटो. फोटोखाली गाव, तारीख आणि वेळ छापून आली पाहिजे, कारण कॉलेजात कमिटी येणार होती. तीस फोटो भरले तर वीस मार्क. एकोणतीस भरले तर शून्य, आणि परीक्षेचा फॉर्मही अडकणार.

म्हणजे आनंदी व्हा, नाहीतर वर्ष गेलं!

आम्ही त्यांचं नाव 'उपक्रम सर' ठेवलं. पण बारावीच्या पुढे गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. बाबांनी एकच सांगितलं, "काईबी कर, पन वर्ष नको जाऊ देऊ." मग काय, लागलो आनंदी व्हायला.

* * *

पहिला उपक्रम बागकाम. मला वाटलं, हा तर आपल्या हातचा मळ आहे. आमच्या शेतात दोन एकर उन्हाळी भुईमूग उभा होता. मी पहाटेपासून पाणी देत होतो. पँट गुडघ्यापर्यंत, हातात फावडं, अंगभर चिखल. तसाच फोटो काढला आणि पाठवला.

सरांचं उत्तर आलं, "हे शेतीकाम आहे. बागकाम पाठव. चेहऱ्यावर छंद दिसला पाहिजे."

घरी आलो, आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरून त्यात शेजाऱ्याच्या अंगणातलं झेंडूचं रोप खोचलं आणि त्याच्याकडे बघून हसलो.

"एक्सलंट! निसर्गाशी असंच नातं जोड!"

ते रोप दुसऱ्या दिवशी मेलं.

* * *

चौथ्या दिवशी आला स्वयंपाक. 'आज आईला आराम द्या.' सुमेध माझा वर्गमित्र, गावातलाच. आम्ही त्याला सुम्या म्हणतो. सुम्याच्या मायनं पीठ मळलं, भाकर थापली, तव्यावर टाकली. सुम्यानं फक्त उलथनं धरलं. फोटो काढायला त्याचा बाप उभा. या माणसानं जन्मात कधी स्वयंपाकघरातून पाण्याचा गिलास घेतला नाही, पण त्या दिवशी आला तो थेट चुलीपर्यंत!

पहिल्या फोटोत धूर आला. दुसऱ्यात सुम्याचे डोळे मिटले. तिसऱ्यात माय आली, कारण भाकर जळत होती आणि ती उलटायला धावली.

बाप खेकसला, "अवं, मधात काऊन येऊन राह्यली? फोटो चालू हाय ना!"

मायनं नव्यानं पीठ मळलं, नव्यानं भाकर थापली. फोटो पास झाला. आईला आराम दिल्याबद्दल सुम्याला ऑनलाइन सर्टिफिकेट मिळालं. बापानं ते सगळ्या नातेवाइकांना पाठवलं.

* * *

सूर्यनमस्काराचं थोडक्यात सांगतो. वर्गातल्या एका मुलीनं खरंच घातले आणि फोटो काढून मैत्रिणीला पाठवला. मैत्रिणीनं तिच्या मैत्रिणीला. चेहऱ्यावर मास्क होता, त्यामुळे कोण ते कळायला मार्ग नव्हता. मलकापूरपासून देऊळगाव राजापर्यंत, जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या अकरा पोरींनी तोच फोटो भरला. तेच गाव, तेच अंगण, तेच मिनिट खाली छापलेलं.

आम्हाला वाटलं, आता सर फाडून खातात.

सरांनी ग्रुपवर लिहिलं, "अकरा विद्यार्थिनींचा सामूहिक उपक्रम! अभिनंदन!" चार माणसं एकत्र दिसली की पोलीस काठी घालत होते, त्या दिवसांतली ही गोष्ट!

* * *

मग आल्या मोठ्या शहरातल्या पाहुण्या मॅडम. ऑनलाइन व्याख्यान, विषय 'माझा आनंदी कोपरा'. मॅडमच्या मागे पुस्तकांचं कपाट, बाजूला कुंडी, आवाज एकदम मधाळ.

"डोळे मिटा. आपल्या खोलीतला एक कोपरा निवडा. आजपासून तो फक्त तुमचा. सुमेध, तू कुठला निवडलास?"

सुम्याचं घर दोन खोल्यांचं, माणसं सात. सुम्या सरळ माणूस. म्हणाला, "मॅडम, एका कोपऱ्यात कापूस हाय."

"बरं, मग दुसरा?"

"तिथं आजोबा झोपतात."

"तिसरा?"

"चूल."

मॅडमचा आवाज जरा कोरडा झाला. "चौथा तर असेल ना?"

"तिथं मीच बसलो हावो मॅडम. पन उठा लागते, बहिणीचा क्लास सुरू होऊन राह्यला. मोबाईल एकच हाय."

आणि सुम्या स्क्रीनवरून गेला. मॅडम म्हणाल्या, "बघा, विद्यार्थ्यांचा सहभाग किती कमी आहे."

* * *

आता गावातल्या म्हाताऱ्यांचं. आमच्या गावात रेंज नावापुरती. क्लास कसाबसा ऐकू येतो, पण फोटो जात नाही. फोटो पाठवायचा तर वेशीबाहेरच्या टेकाडावर चढावं लागतं. आणि वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकून गावची जाणती मंडळी बसलेली. बाहेरचा माणूस आत येऊ नये म्हणून म्हणे! आठ जण, एक सतरंजी, पत्त्यांचा डाव रंगलेला, आठही मास्क हनुवटीवर.

"काय बे पोट्टेहो, कुठं भटकून राह्यले? बिमारी हाय, समजत नाई काय?"

"काका, कॉलेजचं काम हाय. फोटो पाठवा लागते."

"आमच्या टायमाले नव्हते फोटो. शिकलो नाई काय आम्ही?" हे बोलणारे काका चौथी नापास.

सुम्या म्हणाला, "काका, तुम्ही आठ जन एका सतरंजीवर..."

"आम्ही ड्युटीवर हावो बे! चाल, घरी जाय!"

रोज दोन किलोमीटरचा वळसा घालून, काटे तुडवत, मागच्या बाजूनं टेकाडावर चढायचो. एकोणतीस फोटो मी तसेच पाठवले.

* * *

तिसावा उपक्रम होता 'आनंदी कुटुंब'. घरातले सर्व सदस्य, एकाच फ्रेममध्ये, हसतमुख. शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत.

बाबा पाच दिवसांपासून गावच्या शाळेत होते. ताप आला, तपासणी झाली, तिथल्या विलगीकरणात ठेवलं. डबा पायरीवर ठेवून मागे सरकायचं, एवढीच भेट.

मी सरांना फोन केला. "सर, बाबा शाळेत भरती आहेत. आम्हा तिघांचा फोटो चालेल का?"

"सर्व सदस्य म्हणजे सर्व सदस्य. कमिटी मोजते. काहीतरी सर्जनशील मार्ग काढ!"

काढला. दुपारी चारला माय, बहीण आणि मी शाळेच्या भिंतीपासून लांब, उन्हात उभे राहिलो. मागे वर्गाची खिडकी. बाबा आत खिडकीशी आले. केस ओले करून भांग पाडला होता. त्यांना बघून मायला रडू फुटलं.

बाबा आतून ओरडले, "अवं, हास ना! पोट्ट्याचं वर्ष जाऊन राह्यलं!"

माय हसली. बहिणीनं हात लांब करून फोटो काढला. चौघं, एकाच फ्रेममध्ये. मी पळत टेकाड गाठलं आणि पाठवला. पाचला दहा मिनिटं कमी होती.

सरांचं उत्तर लगेच आलं. "छान प्रयत्न. पण मागे खिडकीचे गज आणि आजारी व्यक्ती दिसते. नकारात्मक वाटतं. वरचा भाग क्रॉप करून पाठव. लवकर!"

मी वरचा भाग कापला. आम्ही तिघं उरलो, उन्हात डोळे बारीक करून हसणारे. मी बोट पाठवायच्या बाणावर नेलं. पाच वाजेपर्यंत ते तिथंच होतं.

मग मी टेकाड उतरलो.

रात्रीचा डबा पायरीवर ठेवला. बाबा खिडकीशी आले.

"झाला काय पास फोटो?"

"हाव."

"दाखव बरं, कसा आला."

मी मोबाईलवर आख्खा फोटो मोठा करून हात उंच धरला. त्यांनी गजांना तोंड लावून बराच वेळ बघितला.

"मीच जरा जास्त हासलो बे," ते म्हणाले.