खाडीतला हिरवा ठिपका

बाळांनो, पुढच्या आठवड्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, म्हणून हे आजच लिहिते.

परदेशी जाण्यापूर्वी तुम्ही तुमच्या कोकणातल्या घरामागच्या खाडीत तिवराची रोपं लावली होती. त्या खाडीचे उपग्रहाने टिपलेले फोटो मी इथे जालना जिल्ह्यात, भोकरदनला दर महिन्याला पाहते आणि किनारा राखणाऱ्या मंडळींना टिपण पाठवते. कुठला भाग जपायचा, ते त्यावरून ठरतं.

गेल्या महिन्यात तुमचा हिरवा ठिपका दिसलाच नाही, नुसतं पाणी होतं. मी तारीख घालून ‘नष्ट’ असं लिहिलं. त्या दिवशी एकटीपुरता लावलेला कुकर उघडावासा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मंडळींतल्या, खाडीवरच्या कोळीणबाईंचा फोन आला. त्या आठवड्यातला तो एकच.

“आजी, जालन्याला भरती येत नाय वाटतं! फोटो उधाणाचा हाय. रोपं बुडालीत, मेली नायत.”

मी समुद्र दोनदाच पाहिलेला. भरतीची वेळ पाहायचं मला सुचलंच नव्हतं. नोंद लगेच दुरुस्त केली, तरी बाईंनी फोन ठेवू नये म्हणून आणखी चार प्रश्न विचारले.

काल ओहोटीच्या वेळचा फोटो आला. तुमची रोपं आहेत.