झिपऱ्याचा आवाज

मावशींचा संशय आधी चहावरच गेला. स्टुडिओत त्यांना आजवर कुणी आपणहून चहा विचारला नव्हता, आणि आज रेकॉर्डिस्ट स्वतः कप घेऊन दारात उभा! नक्की काहीतरी शिजतंय, त्या मनाशी म्हणाल्या.

मावशी म्हणजे झिपऱ्याचा आवाज. मूळची जपानी चित्रकथा, तिच्यावरून निघालेली कार्टून मालिका, मग सिनेमा. राक्षसांच्या डोंगरांत हरवलेल्या ताईला शोधत हिंडणारा झिपऱ्या आपल्या भाषेत बोलायचा तो मावशींच्या गळ्यातून. केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, पण माइकसमोर उभी राहिली की बाई बारा वर्षांचं पोर! कथा मात्र त्यांनी कधी वाचली नाही. डबिंगचं काम असं, की एकट्यानं खोलीत उभं राहायचं, आपली वाक्यं म्हणायची आणि घर गाठायचं. पुस्तकं मालिकेच्या कितीतरी पुढे गेलेली, आणि ती वाचायची सून.

तीच सून हल्ली मावशी आल्या की पुस्तक उशीखाली सरकवायची.

"काय आहे गं त्यात?"

"काही नाही हो आई."

परवा तर फोनवर कुजबुजत होती, "त्यांना एवढ्यात कळू देऊ नका." मावशींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. स्टुडिओला कोवळा गळा हवाय, आणि हिचा आवाज काय कमी गोड आहे? अस्तनीतला निखारा, दुसरं काय! त्यांनी सुनेशी अबोला धरला.

आता चहाला हातही न लावता त्यांनी विचारलं, "माझ्या जागी तिलाच घेतलंत ना?"

"कुणालाच नाही हो," रेकॉर्डिस्ट खाली बघत म्हणाला. "ताईला सोडवायला झिपऱ्या आपला आवाज चेटकिणीला देऊन टाकतो. आता शेवटपर्यंत मुका. वाक्यंच नाहीत, नुसते श्वास. ते जुन्या रेकॉर्डिंगमधून उचलणार होतो. तुमच्या सुनेनं फोन करकरून डोकं खाल्लं, म्हणून तुम्हाला बोलावलं."

सुनेबद्दल मनात काय काय आणलं, याची मावशींना लाज वाटली. पण त्याहून मोठा धसका बसला. जागा कुणी पळवली असती तर भांडता तरी आलं असतं.

त्या माइकपाशी गेल्या. पडद्यावर सुटलेली ताई पाठमोरी चालली होती. मागून झिपऱ्या धावत आला, त्यानं तोंड उघडलं, आणि सवयीनं मावशींच्या तोंडून निघालंच, "ता..."

"मावशी, आवाज नको."

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच निसटलं. मग मात्र त्यांनी हाकेएवढा मोठा श्वास ओढला आणि आतच धरून ठेवला. पडद्यावरची ताई मागे न बघता निघून गेली.

"झालं मावशी, सोडा आता," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला.

त्यांनी श्वास सोडला, आणि त्याबरोबर हुंदका बाहेर पडला, तो एका म्हाताऱ्या बाईचा.