कमरेएवढी भिंत

"सर, मी ड्यूटीवरून आले तर घरात भिंत आहे," सोनल मॅडम फोनवर म्हणाल्या.

मी गोंदियात भाड्याची घरं मिळवून देतो. नळ गळतो, मीटर बंद आहे, शेजाऱ्याचं कुत्रं भुंकतं, अशा तक्रारी रोजच्या. भिंत जास्त झाल्याची ही पहिलीच.

मॅडम नाशिकच्या. इथे एका खासगी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. शिकताना सगळी वर्षं होस्टेलच्या कोंदट खोल्यांत गेली, म्हणून त्यांना स्टुडिओ अपार्टमेंटच हवं होतं. म्हणजे एकच मोठी खोली. झोपणं, बसणं, स्वयंपाक सगळं तिच्यातच, फक्त बाथरूम वेगळं. बिसेनकाकांच्या घरी वरच्या मजल्यावर तशी खोली होती. काका दवनीवाड्याचे धानाचे शेतकरी. शहरात घर बांधून काकूंसोबत खाली राहतात. त्या हॉलला स्टुडिओ म्हणायला मीच शिकवलं.

मी पोहोचलो. पलंग आणि गॅसच्या मध्ये कमरेएवढी विटांची भिंत. मिस्त्री थापी धरून थांबलेला, काका-काकू बाजूला. मॅडमच्या खांद्यावरची पर्सही उतरली नव्हती. नळाला पाणी आलं की भरून ठेवायला मॅडमनीच दिलेल्या दुसऱ्या किल्लीने काकांनी दार उघडलं होतं.

"काका, हे काय?" मी विचारलं.

"पार्टिशन. दोन खोल्या करून देऊन राहिलो. भाडं तेच."

"त्यांनी मागितलं होतं का?"

"मांगाले कायले पाहिजे? पोरगी गॅसपाशी झोपते. कोणी आलं तं दारातून सिद्धा पलंग दिसते. बरं दिसते का?"

"काका, मला मोकळं आवडतं," मॅडम म्हणाल्या. "ही भिंत वर गेली तर मी दुसरं घर बघते."

काकांचा चेहराच उतरला. मॅडमचेही डोळे भरले होते. मी धंद्यातली युक्ती केली, आई वाद मिटवतील म्हणून मॅडमच्या आईला स्पीकरवर घेतलं.

"काकूंनी सकाळीच फोन केला होता," आई म्हणाल्या. "फार बरं झालं. खिडकीला जाळीही लावून घ्या म्हणावं."

"आई, घर मी घेतलंय," म्हणत मॅडमनी फोन कापला.

मिस्त्रीने विचारलं, "भैया, तोडना है कि जोडना है? मसाला सूख रहा है."

काकूंनी दारापाशी खुर्ची ओढली आणि बसून समोर पाहिलं. "बसलं तं पलंग नाही दिसत."

काका बसले. त्यांनाही दिसला नाही. मग मी बसलो. खरंच दिसत नव्हता. उठलो तर चादरीवरची फुलंसुद्धा दिसली.

मॅडमनी भिंतीकडे नीट पाहिलं. "एवढी चालेल. वर कुंड्या ठेवीन."

काकांनी एकदा दाराकडे, एकदा पलंगाकडे पाहिलं. "मंग आल्या पाहुण्याले उभं नोको राहू देजो."

"नाही राहू देणार," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या.

मिस्त्रीने भिंतीचा माथा सारखा केला आणि सामान आवरलं.

मॅडम अजून तिथेच आहेत. मी कधी वर गेलो की खालून काकू विचारतात, "बसले का?" बसल्यावरच बोलणं सुरू होतं.

माझ्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये आता एक ओळ जास्त आहे. घरमालकाला भाडेकरूच्या भल्यासाठी काही करायचं असेल, तर त्याने आधी विचारावं. वकिलांनी ती खोडायला सांगितली. मी ठेवली आहे.