सालकिन एजेंचा उंबरठा

बिश्केकच्या आमच्या विद्यापीठात परदेशी मुलांना इंग्रजी निबंध लिहायला मदत करणारी एक खोली होती. ती सालकिन एजेंची. मी शेजारी ग्रंथालयात कामाला. एजे म्हणजे ताई. साठी उलटली तरी त्या सगळ्यांच्या एजेच.

ताजिकिस्तानातल्या मुर्गाबची बेगायिम त्यांच्याकडे रोज बसे. भाषा आमचीच, किरगिझ, पण पासपोर्ट परका. सत्राअखेरच्या निबंधात नापास झाली तर शिष्यवृत्ती बंद आणि घरी परत. पोरगी निबंधातसुद्धा आपल्या रीतीने आधी ख्यालीखुशाली विचारी. मुद्दा शेवटच्या पानावर.

"अगं, प्राध्यापक भुकेला बसलाय," एजे म्हणत. "आधी मांस वाढ, चहा मागाहून!"

निबंध द्यायच्या दुपारी तिच्या वर्गातला एर्मेक दोन मित्र घेऊन आला. तिने त्याला लग्नाला नाही म्हटलं होतं. आता आमच्याकडच्या मुलगी पळवायच्या जुन्या चालीने उचलून घरी न्यायची, डोक्यावर पांढरा रुमाल टाकायचा, की झालं लग्न.

जिन्यात त्याने तिचे केस धरले. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली आणि सुटून खोलीत घुसली. एजेंनी कडी लावली, ती त्या तिघांनी लाथांनी उखडली. तेव्हा एजे उंबरठ्यातच आडव्या झाल्या.

"ओलांड मला! पळवून आणलेली सून बाहेर पडू नये म्हणून तुझी आजी अशीच पडली असेल ना? ओलांड की!"

थोरल्या बाईला ओलांडलं की शाप लागतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"ऊठ, म्हातारे!"

"म्हातारी असेल तुझी आई!"

एर्मेकने बुटाने बरगडीत लाथ घातली. पुन्हा घातली. एजेंनी चौकट सोडावी म्हणून मित्राने त्यांचा हात पिरगळला; हाड मोडलेलं मला ऐकू आलं. देवा, ग्रंथालयाच्या दारात मी नुसती किंचाळत होते. मारायची त्या पोरांना लाज नव्हती, ओलांडायची मात्र छाती होईना.

इतक्यात आतून बेगायिमने एजेंच्या चहाची उकळती किटली एर्मेकच्या तोंडावर रिकामी केली. तो गुरासारखा ओरडत जिन्यावरून गडगडला. मित्र त्याला तिथेच टाकून पळाले. खालच्या पहारेकऱ्याने त्याला धरून ठेवलं.

रक्त थुंकत एजे म्हणाल्या, "बघतेस काय? जा, निबंध दे."

"तुम्ही वाटेत आहात, एजे," बेगायिम हुंदके देत म्हणाली. "ओलांडू कशी?"

मी काखेत हात घालून एजेंना भिंतीकडे ओढलं. त्या कळवळल्या, पण थांब म्हणाल्या नाहीत. वाट मोकळी झाल्यावरच बेगायिम धावली. निबंध वेळेत पोचला, पास झाला, आणि पोरगी बिश्केकलाच राहिली.