लिफ्टमधला कायदा

मुलगी सातवीत आहे. तिला शाळेने एक काल्पनिक संघराज्य रचायला सांगितलं होतं. त्याची राज्यं, राजभाषा, अल्पसंख्याक भाषा आणि भाषांचे कायदे, असं सगळं. तिने ते कार्डपेपरवर छान रंगवलं होतं. राजभाषा तीन: गुजराती, हिंदी, इंग्रजी. अल्पसंख्याक भाषा एकच, मराठी. खाली कायदा: ही भाषा घरात बोलावी, लिफ्टमध्ये बोलू नये.

मी लाटणं हातात घेऊन तशीच उभी राहिले. आमच्या तीन पिढ्या बडोद्यात गेल्या. मांजलपूरच्या या सोसायटीत मराठीवरून कुणी कधी ब्र काढला नाही.

"कुण्या मेल्याने सांगितलं तुला हे?" मी कडाडले. "नाव सांग, आत्ता जाऊन खडसावते त्याला."

"कुणीच नाही. लिफ्टमध्ये कुणी आलं की तूच माझा हात दाबतेस आणि गुजराती सुरू करतेस."

"खोटं!" म्हणाले खरी, पण हे मी करते, हे मलाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम मोठ्याने मराठीत बोलत तिच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरले. चौथ्या मजल्यावर दार उघडलं आणि तिथल्या काकू आत आल्या.

"केम छो?" माझ्या तोंडून गेलंच.

"मजामां," त्या हसून म्हणाल्या.

मुलीने माझा हात दाबला. त्या काकू साताऱ्याच्या आहेत.